पाकग्रंथाचें पारायण

एखादा पाकग्रंथ हातीं घ्यावयाचा आणि त्यांतील पहिल्या प्रकारापासून शेवटच्या प्रकारापर्यंत, एकहि न गाळतां, सर्व पदार्थ स्वतः रांधून पाहावयाचे, असा एक छंद गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत बराच नांवारूपास आला आहे. ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. ताम्रपट, महजर, बखरी व वंशावळी ह्यांच्या चर्चेंत चुलीला जागा कोठून, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, हा छंद म्हणजे ग्रंथ वाचण्याचीच एक रीत आहे. आणि जी रीत ग्रंथ वाचण्याची आहे तिचें परीक्षण संशोधकांनीं केलेंच पाहिजे. तिच्यापासून लाभ कोणता, धोका कोणता, आणि जुन्या पोथ्यांचा अर्थ लावण्याच्या कामीं तिला कितपत प्रमाण मानावें, एवढेच प्रश्न आम्ही येथें घेतों.

ह्या छंदास आम्ही बुद्धिपुरस्सर पारायण म्हणतों. पारायणाचा नियम वाचकांस ठाऊकच आहे. आवडता अध्याय दोनदां वाचावयाचा नाहीं व नावडता टाळावयाचा नाहीं. आरंभ करावयाचा तो समाप्तीपर्यंत न्यावयाचा. पाकग्रंथ सामान्यतः कोणी असा वाचीत नाहीं. गृहिणी त्यांतून हवा तो पदार्थ उचलते व ग्रंथ पुन्हा फडताळांत ठेवते. म्हणूनच पाकग्रंथांतील बहुतेक भाग छापून शंभर वर्षें झालीं तरी अपरीक्षित राहतो.

ह्या छंदाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. ज्यूलिया चाइल्ड, सिमोन बेक व लुइसेट बेर्तोल ह्या तिघींनीं फ्रेंच पाककलेवर लिहिलेला मोठा इंग्रजी ग्रंथ १९६१ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झाला. त्याच शहरांत एका कचेरींत नोकरी करणाऱ्या ज्यूली पॉवेल ह्या बाईंनीं २००२ सालच्या ऑगस्टांत ह्या ग्रंथांतील ५२४ प्रकार ३६५ दिवसांत पुरे करण्याचा संकल्प सोडला, तो तडीस नेला, आणि २००५ सालीं त्याचा वृत्तांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. २००९ सालीं त्यावर बोलपटहि निघाला. चाइल्डबाई २००४ सालीं व पॉवेलबाई २०२२ सालीं निवर्तल्या. दिवसास सरासरी दीड प्रकार, तोहि नोकरी संभाळून, हें काम सामान्य चिकाटीचें नव्हे.

पॉवेलबाईंच्या उद्योगाचा खरा गुण त्यांच्या पाककौशल्यांत नसून त्यांच्या नियमांत आहे. जिवंत शेवंडा मारणें, हाडें उकळून त्यांच्या रसाचा थिजलेला गोळा करणें, ह्या गोष्टी कोणीहि आपखुषीनें निवडल्या नसत्या. परंतु ग्रंथांत आहेत म्हणून त्यांनीं केल्या. निवडून रांधणारा मनुष्य जें त्याला आधींच कळतें तेंच निवडतो. आणि जें त्याला कळत नाहीं तेथेंच ग्रंथाचें वेगळेपण असतें. तें त्याच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. पारायणानें तें दृष्टीआड करण्याची सोय उरत नाहीं.

दोषहि सांगितला पाहिजे. पॉवेलबाईंचा वृत्तांत वाचून त्यांच्या संसाराची, नोकरीची व मनःस्थितीची जितकी माहिती मिळते, तितकी मूळ ग्रंथाची मिळत नाहीं. कोणता प्रकार लिहिल्याप्रमाणें साधला, कोणता साधला नाहीं व कोणत्या शब्दामुळें साधला नाहीं, अशी क्रमवार नोंद त्यांत नाहीं. ती त्यांनीं देण्याचें पत्करलेंहि नव्हतें; तेव्हां हा दोष ग्रंथकर्त्रीचा म्हणण्यापेक्षां छंदाचा म्हणणें न्याय्य होईल. शिवाय ज्या ग्रंथाचें त्यांनीं पारायण केलें तो त्याच्या कर्त्र्यांनीं सुमारें दहा वर्षें पुनःपुन्हा करून पाहून सिद्ध केलेला होता. त्यांत मापें आहेत, वेळ आहे, पाठभेद नाहीं. अशा ग्रंथाच्या पारायणांत रांधणाराची परीक्षा होते. ग्रंथ जुना, हस्तलिखित व मापें न देणारा असेल, तर मात्र परीक्षा ग्रंथाच्या अर्थाची होते. आमच्या वाचकांस महत्त्वाचा आहे तो हा दुसरा प्रकार.

ह्या दुसऱ्या प्रकाराचा धडा लॅटिन भाषेंतील अपिकियसच्या नांवावर असलेल्या पाकग्रंथानें उत्तम दिला आहे. ह्या ग्रंथाच्या नवव्या शतकांतील दोन पोथ्या उपलब्ध आहेत. एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत आहे. दुसरी पूर्वीं सर टॉमस फिलिप्स ह्या विख्यात पोथीसंग्राहकाकडे होती व आतां न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अकादमीकडे आहे. ग्रंथांत चारशेंहून अधिक प्रकार असून बहुतेक ठिकाणीं प्रमाण दिलेलें नाहीं. त्यांत 'लिक्वामेन' हा शब्द पदोपदीं येतो. १९३६ सालीं जोसेफ व्हेलिंग ह्यांनीं ह्याचें इंग्रजी भाषांतर शिकागो येथें प्रसिद्ध केलें. व्हेलिंग हे स्वतः धंद्यानें आचारी. त्यांनीं ह्या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणीं मांसाचा कढ असा केला; कारण त्यांच्या स्वयंपाकघरांत असा कढ रोज तयार असे. वस्तुतः तो मीठ घालून मुरविलेल्या माशांचा रस होय. पुढें १९५८ सालीं बार्बरा फ्लॉवर व एलिझाबेथ रोझेनबाउम ह्यांनीं, आणि २००६ सालीं ख्रिस्टोफर ग्रोकॉक व सॅली ग्रेंजर ह्यांनीं तोच ग्रंथ मुळासह संपादिला. ग्रेंजरबाईहि आचारीच, परंतु त्यांनीं हा मत्स्यरस स्वतः मुरवून पाहिला, आणि लिक्वामेन व गारुम हीं एकच कीं दोन ह्या जुन्या वादांत त्या प्रयोगाचा उपयोग केला.

येथें दोन आचारी आहेत. एकानें आपलें स्वयंपाकघर ग्रंथांत घातलें, दुसरीनें ग्रंथ आपल्या स्वयंपाकघरांत आणला. रांधतां येणें हें स्वतः प्रमाण नव्हे, हा ह्यांतील बोध. व्हेलिंग ह्यांचा अर्थ चुकला तो त्यांना रांधतां येत नव्हतें म्हणून नव्हे, तर फार चांगलें येत होतें म्हणून.

आतां आपल्या घरच्या ग्रंथाकडे वळूं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) ह्याचा मानसोल्लास हा ग्रंथ वाचकांच्या परिचयाचा आहे. ग्रंथांतच शके १०५१ चा निर्देश आहे. वीस अध्यायांची एक विंशति, अशा पांच विंशति मिळून शंभर अध्याय. त्यांपैकीं तिसऱ्या विंशतींत अन्नभोगाचा अध्याय येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर ह्यांनीं संपादिलेला हा ग्रंथ १९२५, १९३९ व १९६१ ह्या सालीं तीन भागांत छापून निघाला. अन्नभोग दुसऱ्या भागांत आहे. ह्या अध्यायांतील इडरिका, धोसक, मंडक हीं नांवें लेखांतून व भाषणांतून वारंवार उद्धृत होतात. परंतु तो अध्याय ओळीनें चुलीवर चढवून पाहिल्याचा पुरावा फारसा दिसत नाहीं. आम्हीं त्यांतील धान्यांचे प्रकार क्रमानें घरीं करवून पाहिले. तीन उदाहरणें पुरेशीं होतील.

पहिलें उदाहरण मंडकाचें. गहूं धुवून उन्हांत वाळवावे, दळून चाळावे; त्या पिठांत थोडें तूप व मीठ घालून दूधपाण्यानें भिजवावें; लांकडी परातींत हातानें खूप मळावें; गोळे करून तुपाच्या हातांनीं व तांदुळाच्या पिठीवर ते हातानेंच पसरावे; तापल्या खर्परावर टाकून काळे पडण्यापूर्वीं त्वरित काढावे व घडी घालावी, असा विधि आहे. कोशांत 'खर्पर' पाहिलें तर भिक्षापात्र, कवटी, फुटके मडकें असे अर्थ निघतात व वाचक अडतो. खानदेशांतील मांडे करणाऱ्या बाईंस हा विधि वाचून दाखविला असतां त्यांना कोठेंहि अडचण पडत नाहीं. उपडें खापर, हातावर फिरवीत मोठा केलेला गोळा, झटपट काढून घातलेली घडी, हें सर्व त्यांच्या नित्य परिचयाचें. लाटणें ह्या विधींत कोठेंच नाहीं, हेंहि त्यांच्याच लक्षांत प्रथम येतें. येथें चूल व कोश ह्यांचा मेळ पूर्णपणें बसतो, व नऊशें वर्षें एक क्रिया हातांतून हातांत आली असें म्हणण्यास आधार मिळतो.

दुसरें उदाहरण घारिकेचें. नांव ऐकतांच मराठी वाचकांस तांबड्या भोपळ्याचे गोड घारगे आठवतील, व भाषांतरकारास तोच शब्द लिहून मोकळें होण्याचा मोह पडेल. परंतु विधि निराळाच आहे. उडदाच्या पिठाचे जाडसर पसरट गोळे करावे, त्यांस पांच किंवा सात छिद्रें पाडावीं व तापल्या तेलांत तांबूस होईपर्यंत तळावे. छिद्रें न पाडतां तळून साखर, वेलची व मिरें घातलेल्या घुसळलेल्या दह्यांत टाकिले, तर त्यांस वटिका हें नांव. म्हणजे सोमेश्वराची घारिका ही आजच्या भाषेंत उडदाचा वडा होय. शब्द टिकला, वस्तु पालटली. हें केवळ वाचूनहि कळण्यासारखें आहे, हें खरें. परंतु छिद्रें कशासाठीं, हें कळावयास कढईच पाहिजे. जाड गोळा छिद्रांवांचून तळला तर बाहेरून करपतो व आंत कच्चा राहतो. दह्यांत भिजवावयाचा असेल तर तो किंचित् पातळ घ्यावा लागतो. मूळ ग्रंथ हा पातळपणा सांगत नाहीं. तो रांधणारास माहीत असलाच पाहिजे, असें गृहीत धरतो. आपण वाचतों त्या विधींत अशीं गृहीतें किती आहेत, ह्याची मोजदाद पारायणावांचून होणार नाहीं.

तिसरें उदाहरण इडरिकेचें. हें वादग्रस्त आहे. आहारेतिहासाचे थोर अभ्यासक के. टी. अचया ह्यांनीं १९९४ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, आजच्या इडलीचीं तीन अंगें, म्हणजे तांदुळाची जोड, दीर्घकाळ आंबविणें व वाफेवर शिजविणें, ह्या काळच्या इडरिकेंत नाहींत. उडदाच्या पिठाचे लहान गोळे करून त्यांस मिरें, जिरें व हिंग ह्यांचा संस्कार देत, एवढेंच. हें मत पुढें सर्वत्र उतरून घेतलें गेलें. छापील मूळ मात्र असें सांगतें कीं, आंबट झालेलें उडदाचें पीठ वटिकांमध्यें घालावें, आंतून वस्त्र असलेल्या दुसऱ्या वटिकांनीं तें झांकावें व शिजवावें. उतरवून वर मिऱ्यांची पूड टाकावी, तूप लावावें, आणि हिंग, तूप व जिरें ह्यांचा धूप द्यावा. उत्तम इडरिका थंड, पांढरी व मऊ असावी.

तांदूळ नाहीं हें अचया ह्यांचें म्हणणें निर्विवाद आहे. गोळ्यांविषयींचें मात्र टिकत नाहीं. त्याच प्रकरणांत थोडें पुढें 'वटिका' हा शब्द वर सांगितलेल्या खाद्याचा वाचक असल्यामुळें कदाचित् हा घोटाळा झाला असेल. परंतु येथें तो शब्द सप्तमींत आहे व क्रियापद टाकणें ह्या अर्थाचें आहे. पीठ ज्यांच्यांत टाकावयाचें त्या वटिका म्हणजे आपल्या वाट्या. ह्यास व्याकरणच पुरे, चुलीची गरज नाहीं. आंबविण्याविषयीं व्याकरण अर्धी वाट नेतें. पीठ आंबट झालेलें असावें हें स्पष्ट आहे. किती वेळांत, हें ग्रंथ सांगत नाहीं. तें चूल सांगते. नुसतें वाटलेलें उडदाचें पीठ उन्हाळ्यांत रात्रभर ठेवल्यावांचून, व पुण्याच्या थंडींत दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत ठेवल्यावांचून, आंबट म्हणण्याजोगें होत नाहीं. तेव्हां बाहेरून आंबट घातलें असें कोणी दाखवून देईपर्यंत दीर्घकाळ आंबविणें तेथें होतें असेंच मानिलें पाहिजे.

वाफेविषयीं निर्णय इतका सोपा नाहीं. झांकणाच्या आंत वस्त्र कां, ह्या प्रश्नाचें उत्तर कोणतीहि गृहिणी तत्काळ देते: वाफेचें पाणी पदार्थावर ठिबकूं नये म्हणून. मऊ व पांढरी हीं विशेषणेंहि कोरड्या भाजण्याशीं जुळत नाहींत. परंतु वाट्या पाण्यावर ठेवाव्या असें ग्रंथ म्हणत नाहीं. पिठाच्या अंगच्याच ओलाव्याची वाफ झांकणाखालीं कोंडूनहि असा पदार्थ साधतो. आम्हीं दोन्ही रीतींनीं करविला व दोन्ही साधल्या. म्हणून चुलीचा निर्णय येथें 'वाफ निश्चित, पाण्याचें भांडें अनिश्चित' एवढाच. ह्याहून पुढें जाऊन 'बाराव्या शतकांत आजच्यासारखें इडलीपात्र होतें' असें कोणी लिहील, तर तो व्हेलिंग ह्यांच्याच मार्गानें जाईल.

आतां ह्या पद्धतीवरील आक्षेप पाहूं. पहिला असा कीं, आजचीं द्रव्यें तींच नव्हेत. गव्हाच्या जाति पालटल्या, इंधन पालटलें. आणि पोर्तुगीजांमागून आलेली मिरची आपल्या जिभेवर अशी बसली आहे कीं, मिऱ्याहिंगावर भागविणारा पदार्थ आपणांस आज अपुरा लागतो. हा आक्षेप रुचीपुरता खरा आहे. म्हणूनच रुचीवरून पाठनिर्णय करूं नये. पदार्थ जमतो कीं फुटतो, सुटतो कीं चिकटतो, ह्यावरूनच करावा. पीठ आंबण्याचा व तेलांत तळण्याचा धर्म सोमेश्वराच्या काळीं जो होता तोच आज आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, असें पारायण पूर्ण होणेंच शक्य नाहीं. अन्नभोगांत रानडुकर आहे, हरिण आहे, कांसव आहे, नदीकांठच्या शेतांतील उंदीरहि आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ह्यांपैकीं कित्येक प्राणी मारणें गुन्हा आहे, व आमच्यासारख्या शाकाहारी कुटुंबांत उरलेले प्रकारहि होणार नाहींत. हें खरें आहे, व त्यास उपाय नाहीं. परंतु जें करणें शक्य नाहीं तें वाचणेंहि टाळावें असा त्यांतून अर्थ निघत नाहीं. आमच्या पिढीच्या पुष्कळ विद्वानांनीं ह्या अध्यायांतील मांडे व वडे तेवढे उचलून मांसमत्स्यांचे श्लोक मुकाट्यानें ओलांडले, त्यामुळें चालुक्यांच्या पाकशाळेचें चित्र आपल्याच पंक्तीसारखें झालें. पारायणाच्या नियमाचें सार पाळावयाचें तर न केलेल्या प्रकारापुढें 'केला नाहीं' असें कारणासह लिहावें. तो ग्रंथांतच नव्हता असें भासवूं नये.

तिसरी मर्यादा आमची आम्हीच सांगतों. चूल ग्रंथाचा काळ ठरवीत नाहीं, कर्ता ठरवीत नाहीं, पोथ्यांची वंशावळ ठरवीत नाहीं. तंजावरच्या रघुनाथाच्या भोजनकुतूहलाचा काल परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं १६७५ ते १७०० असा ठरविला तो कागदाच्या पुराव्यावर, आणि तोच मार्ग योग्य होता. चूल साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

ह्या सर्वांवरून जुन्या पाकग्रंथाच्या पारायणास चार नियम लावावे असें आम्ही सुचवितों. क्रम मोडूं नये. प्रथम जसें लिहिलें आहे तसेंच करावें, सुधारणा दुसऱ्या खेपेस करावी व ती निराळी नोंदावी. फसलेला प्रयोग साधलेल्या प्रयोगाइतक्याच तपशिलानें लिहावा. कारण पाठ भ्रष्ट आहे ही शंका बहुधा तेथेंच उत्पन्न होते. आणि प्रयोग फसला एवढ्यावरून मूळ पाठ कधींहि दुरुस्त करूं नये, टीप द्यावी. दुरुस्ती दुसऱ्या पोथीच्या आधारानेंच व्हावी.

शेवटीं संग्राहकांस विनंति. मानसोल्लास छापला गेला आहे, तो कोठें जात नाहीं. जाण्याच्या वाटेवर आहेत त्या घरोघरच्या वह्या. जुन्या बाडांत देवपूजेच्या याद्या, औषधें, देण्याघेण्याचे आंकडे ह्यांच्या मधोमध लाडू, लोणचीं व पापड ह्यांचीं पानें असतात. विकत घेणारा बहुधा आंकड्यांसाठीं बाड घेतो व हीं पानें बाजूला काढतो. मराठींत छापील पाकग्रंथांची परंपराहि लहान नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें सूपशास्त्र १८७५ चें, लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया १९१० चें. पॉवेलबाईंच्या वेगानें हजार क्रियांचें पारायण करावयाचें म्हटलें तरी तेवीस महिने लागतील. त्यांस आरंभ करूं इच्छिणारास पहिली अडचण मापांची येते. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजनें आलीं, व शेर, पावशेर, नवटाक हे शब्द व्यवहारांतून गेले. ऐंशीं तोळ्यांचा पक्का शेर सुमारें ९३३ ग्रॅमचा हें सांगतां येतें. परंतु मापी शेर गांवोगांव निराळा होता, आणि वहींतील 'शेर' वजनी कीं मापी हें लिहिणारीनें कोठेंच लिहिलेलें नसतें. लिहिण्याची तिला गरजहि नव्हती, कारण माप तिच्या फळीवर होतें.

तें माप ज्यांनीं हाताळलें, 'मुठीभर' म्हणजे किती व 'बेताचें' म्हणजे किती हें ज्यांना आपल्या आईच्या अगर सासूच्या हातावरून ठाऊक आहे, अशा बायका आज ऐंशींच्या घरांत आहेत. त्यांच्या मागून ह्या वह्यांचीं अक्षरें लागतील, अर्थ लागणार नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं अशी वही असेल त्यांनीं ती जपावी एवढेंच पुरे नाहीं. घरांतील वडील बाईंस समोर बसवून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करून पाहावी, प्रत्येक पदार्थाचें माप तराजूवर घालून समासांत लिहावें, घरांत अजून एखादी जुनी पायली, शेर अगर निठवें असेल तर त्यांत तांदूळ भरून त्यांचें वजन नोंदावें. आणि मग वही, माप व टिपणें तिन्ही एकत्र संशोधकांच्या हवालीं करावीं. ह्या कामास कोणत्याहि शिलालेखापेक्षां कमी वेळ उरला आहे.